मुस्तानामिओ आणि आपला वेताळ

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी फिनलंडहून आला. तिकडे ताम्पेरे शहरी तो नोकरीला असतो. येताना त्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. आत बिस्किटे नव्हती, कात्रणे होती. त्याच्या घरमालकिणीने लहानपणी कौटुंबिक साप्ताहिकांतून कापून ठेवलेल्या साहसी चित्रमालिका! "बाई, तुम्ही माझा वेताळ जप्त केला होतात. आता हा वाचा," असे म्हणून त्याने डबा माझ्यापुढे ठेवला. आरोप खरा होता. मामाच्या संग्रहातले जुने इंद्रजाल कॉमिक्स तो भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचत असे.

मला फिनिश येत नाही. चार संध्याकाळी तो एकेका फुग्यातल्या मजकुराचा अर्थ सांगत गेला आणि मी वहीत टिपत गेले. पुढची टीका त्या वहीच्या आधाराने आहे.

आधी नावे पाहू. ली फॉक यांनी १९३६ साली जन्माला घातलेला फँटम फिनलंडमध्ये 'मुस्तानामिओ' झाला. मुस्ता म्हणजे काळा, नामिओ म्हणजे मुखवटा. डोळ्यांना जे दिसते तेवढेच हे नाव सांगते. त्या माणसाभोवतीचे मरण, चारशे वर्षे तोच जिवंत आहे ही जंगलातली समजूत, हे सारे नावातून गळून गेले. आपल्याकडे १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले तेव्हा त्याचा 'वेताळ' झाला. वेताळ म्हणजे भुतांचा राजा खरा. पण कोकणात आणि गोव्यात तो गावाचा राखणदारही आहे. रात्री फेरी घालणारा, दुष्टाला झोडपणारा, गरिबाच्या पाठीशी उभा राहणारा. फॉकसाहेबांना ठाऊक नसलेला अर्थ मराठी वाचकाला आयता मिळाला. या एका शब्दापुरते तरी आपले भाषांतर मुळाहून सरस आहे, असे मी धिटाईने म्हणते. मँड्रेकचा 'ताइका-जिम' झाला, म्हणजे जादूवाला जिम! भारदस्त जादूगाराला कोपऱ्यावरच्या दुकानदाराचे नाव दिल्यासारखे वाटते. फ्लॅश गॉर्डनचे 'इस्केवा सलामा', म्हणजे कडाडून पडणारी वीज, हे मात्र झकास.

पण नावांवरून फिनिश भाषांतरकाराला कमी लेखू नये. त्याच्या हाती एक असे शस्त्र आहे की मला त्याचा हेवा वाटला. फिनिशमध्ये तो आणि ती यांना एकच सर्वनाम आहे: हॅन. क्रियापदालाही लिंग नाही. बुरखा घेतलेली व्यक्ती दारात उभी राहिली, तर पुरुष की स्त्री हे तो भाषांतरकार पुढच्या आठवड्यापर्यंत खुशाल लपवू शकतो. मराठीत 'आला' किंवा 'आली' म्हणताच अर्धे रहस्य फुटते! कादंबरी लिहिताना या 'आला-आली'ने माझीही अनेकदा फजिती केली आहे.

दुसरीकडे त्याची अडचणही मोठी. आपण 'घरात' म्हणतो तसे तेही प्रत्यय शब्दाला चिकटवतात. पण चिकटवता चिकटवता थांबत नाहीत. 'आमच्या घरांतसुद्धा' एवढ्या मजकुराला त्यांचा एकच शब्द आहे: तालोइस्साम्मेकिन. चाचा पिस्तूल रोखून उभा आहे, डोक्यावर इवलासा फुगा, आणि त्यात हा आगगाडीसारखा शब्द! कात्रणांत जागोजागी शब्द मध्येच तोडून खालच्या ओळीत उतरवलेले दिसले.

आणखी एक पेच त्यांचा आणि आपला सारखाच. इंग्रजीत सर्वांना एकच 'यू'. फिनिशमध्ये जवळच्याला 'सिना', मानाने बोलायचे तर 'ते'. म्हणजे भाषांतरकाराला प्रत्येक नाते आधी ठरवावे लागते. डायना आणि वेताळ यांचे प्रेम १९३६ पासूनचे. लग्न लागले १९७७ साली. मराठी भाषांतरकाराने लग्नानंतर तिच्या तोंडी 'अहो' घालावे काय? मी असते तर 'तू'च ठेवले असते. चाच्यांच्या तावडीतून निसटलेली बाई नवऱ्याला 'अहो' म्हणाली, तर मालिकेचे कंबरडेच मोडेल.

एका गोष्टीवर मात्र आम्ही दोघे भांडलो. मूळ कथेतले सिंग चाचे इंद्रजालने 'सिंगा' केले, बेंगालाचे 'डेंकाली' केले. विद्यार्थी म्हणाला, ही लबाडी. मी म्हटले, नव्हे. इथला वाचक आपलेच नाव दरोडेखोराला दिलेले का सोसेल? पण कात्रणे उलटताना माझाच विजय मला टोचू लागला. आपण आपले नाव तेवढे पुसले. गोऱ्या माणसाने सिंहासनावर बसावे आणि जंगलातल्या बुटक्या काळ्या माणसांनी भोवती नाचावे, हे चित्र तसेच राहू दिले. मँड्रेकचा लोथार राजपुत्र असूनही कित्येक वर्षे बिबट्याचे कातडे पांघरून चाकरी करी. बर्फातल्या फिनिश मुलांसाठी ते दूरचे स्वप्न होते. आपल्याला तसे म्हणून सुटता येणार नाही. इंग्रज जाऊन सतराच वर्षे झाली होती. वर्गात जप्त केलेल्या अंकाबद्दल मी बोलायला हवे होते ते हे. मी मात्र शुद्धलेखन बिघडते म्हणून रागावले.

आणि तेही खरे नव्हते. 'आकु आंक्का', म्हणजे डोनाल्ड डक, फिनलंडमध्ये १९५१ पासून निघते. त्याच्या घडीव फिनिश भाषेचा २००१ साली हेलसिंकी विद्यापीठाच्या भाषाविभागाने गौरव केला. भाषा चित्रांनी बिघडत नाही, आळशी भाषांतराने बिघडते.

डब्यात सर्वांत जपलेला होता 'प्रिन्सी रोह्केआ', हॅल फॉस्टर यांचा प्रिन्स व्हॅलियंट. यात फुगे नाहीत. चित्राखाली सलग निवेदन. आजीने मोठ्याने वाचावे आणि नातवंडांनी चित्रे पाहावीत, अशी सोय. शिवाय हा राजपुत्र थुले देशाचा, आणि फॉस्टरचे थुले नॉर्वेत. म्हणजे फिनिश मुलांच्या शेजारचाच.

एक कात्रण मी सहज उलटे केले. मागे केकची कृती होती. विद्यार्थी वाचू लागला, "लोणी आणि साखर चांगली फेसून घ्यावी, मग हळूहळू..." आणि तेथे कात्री फिरली होती. पलीकडच्या बाजूला राजपुत्राची तलवार होती.