उडालरिखची बहीण

शार्लमेनवरचं नोट्करचं पुस्तक इतिहासकार जपून वापरतात. साहजिक आहे. सम्राट जाऊन सत्तरेक वर्षं झाल्यावर, 880च्या दशकात, सेंट गालच्या मठातल्या या तोतऱ्या साधूने ऐकीव किस्से लिहून काढले. तरी त्यातला एक किस्सा मला फ्रँक सत्तेबद्दल फर्मानांपेक्षा जास्त सांगून जातो.

नोट्कर आधी नियम सांगतो: सरहद्दीवरचे सोडले, तर शार्लमेन कोणालाही एकाहून जास्त काउंटी देत नसे. काउंट म्हणजे राजाने नेमलेला अंमलदार. न्यायनिवाडा करणारा, फौज गोळा करणारा. पद राजाचं, घराण्याचं नव्हे.

आणि लगेच उडालरिख येतो. राणी हिल्डेगार्डचा भाऊ, आईकडून आलेमानियातल्या बड्या घराण्यातला. 783 साली राणी वारली. पुढे कसल्याशा अपराधावरून राजाने त्याची पदं काढून घेतली. तेव्हा दरबारातला एक विदूषक राजाला ऐकू जाईल असं बोलला: बहीण काय गेली, याचं पूर्वेचंही गेलं आणि पश्चिमेचंही. राजाला रडू आलं. पदं परत मिळाली.

इथे गोष्टीने नियमच खाऊन टाकला. पूर्वेचं आणि पश्चिमेचं, म्हणजे एकाहून जास्त आलंच. अपराध कोणता, हे नोट्कर सांगत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. पद मिळतं नात्याने, जातं नातं तुटल्यावर, परत येतं त्या नात्याची आठवण झाल्यावर. नोट्करच्याच मठातल्या दानपत्रांच्या शेवटी त्या टापूच्या काउंटचं नाव लिहिलेलं असे. बोडनसे सरोवराभोवतीच्या या कागदांत उडालरिख हे नाव पिढ्यान्‌पिढ्या भेटत राहतं.

नोट्कर लिहीत होता जाड्या चार्ल्ससाठी, म्हणजे शार्लमेन आणि हिल्डेगार्डच्या पणतूसाठी. त्यामुळे ते अश्रू मला निव्वळ दयेचे वाटत नाहीत. पणजीच्या माहेरच्यांना विसरू नकोस, असं त्या राजाला त्यातून ऐकू आलं असणार. नोट्कर पुराव्यात कच्चा असेल, पण सत्तेची नाडी त्याला अचूक सापडली होती.

आजचे इतिहासकार या घराण्याला ‘उडालरिखिंगर’ म्हणतात. नाव भावाचं. विदूषकाला विचारलं असतं, तर त्याने बहिणीचं दिलं असतं.