एफटीओ : नामकरणाची घाई

२००७ मध्ये एफटीओ जनुकातील डीएनए-भेदांचा स्थूलतेशी संबंध आढळला आणि त्यास ‘लठ्ठपणाचे जनुक’ हे बिरुद मिळाले. वस्तुतः हे भेद पहिल्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनाची रचना न ठरविणाऱ्या भागात आहेत. भेद ज्या जनुकात सापडतो त्याच जनुकावर तो कार्य करतो, हे गृहीतक तपासण्यापूर्वीच नाव रूढ झाले. २०१४ मध्ये दिसून आले की, क्रोमॅटिनच्या वलनामुळे हा भाग सुमारे ५ लाख बेसजोड्या दूर असलेल्या आयआरएक्स३ जनुकाच्या प्रवर्तकाशी संपर्क साधतो. अर्थात एफटीओ सर्वस्वी निर्दोष नव्हे. उंदरांत ते निकामी केल्यास वजन घटते. तथापि या भेदांचे कर्तृत्व केवळ पत्त्यावरून एफटीओच्या नावे मांडणारे विवेचन पदवी वर्गांत शिकविणे आता समर्थनीय नाही.