सर्वांत वेगवान म्हणजे सर्वांत चांगली?

परिपथ प्रत्यक्ष न जोडता संगणकावर चालवून पाहण्याच्या प्रणाली आता शाळा-महाविद्यालयांच्या आवाक्यात आल्या आहेत. निवड करताना पहिला प्रश्न हमखास येतो: सर्वांत वेगवान कोणती? प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्नच अपुरा आहे.

यांपैकी बहुतेक प्रणालींचे मूळ 'स्पाइस'मध्ये आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगल आणि प्रा. डोनाल्ड पेडरसन यांनी ती १९७३ साली जगापुढे आणली. पद्धत सोपी आहे. काळाचे लहान टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्यावर परिपथाची समीकरणे सोडवायची. डायोड किंवा ट्रान्झिस्टर असल्यास उत्तर स्थिरावेपर्यंत तेच गणित पुन्हा करायचे. ५० हर्ट्‌झच्या रेक्टिफायरला काही शे टप्पे पुरतात. पण सेकंदाला १ लाख वेळा चालू-बंद होणाऱ्या वीजपुरवठ्याचे १० मिलिसेकंद तपासायचे, तर १,००० आवर्तने होतात. प्रत्येकी १०० टप्पे धरले तरी १ लाख टप्पे झाले! वेगाची खरी गरज इथे असते.

माइक एंगलहार्ट यांची, १९९९ साली आलेली 'एलटीस्पाइस' अशा कामात तरबेज आहे. ती मोफत मिळते. मात्र तिची आज्ञावली खुली नाही. 'एनजीस्पाइस' मोफत आणि खुलीही आहे. तिच्याच आधारावर आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाने 'ईसिम' उभारली. दहावीपर्यंतच्या वर्गाला कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' पुरेशी आहे. असे असताना महागड्या प्रणालीची चोरटी प्रत वापरण्याचे काहीच कारण उरत नाही. प्रत नेहमी निर्मात्याकडूनच घ्यावी.

वेगाच्या जाहिरातीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. उत्तरात किती चूक चालेल, हे आपणच ठरवू शकतो. स्पाइसमध्ये ही सापेक्ष मर्यादा, न बदलल्यास, ०.१ टक्का असते. ती सैल केली की गणित लवकर संपते, पण उत्तर ढोबळ होते. म्हणून दोन प्रणालींची तुलना समान मर्यादा ठेवूनच करावी.

त्यासाठी एक साधी कसोटी आहे. १ किलोओहमचा रोध आणि १ मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर एकसरीत जोडून ५ व्होल्ट द्या. १ मिलिसेकंदाने कपॅसिटरवर सुमारे ३.१६ व्होल्ट यायला हवेत. विद्यार्थ्यांनी हे आधी वहीत काढावे, मग पडद्यावर पाहावे. नंतर टप्प्याची कमाल लांबी निम्मी करून पुन्हा चालवावे. उत्तर लक्षणीय बदलले, तर पहिल्या उत्तरावर विसंबू नये.

अचूक गणितालाही मर्यादा आहेतच. टेबलावर सुरू होणारा ऑसिलेटर पडद्यावर कधी कधी सुरूच होत नाही. कारण त्याला पहिला धक्का देणारा सूक्ष्म विद्युत गोंगाट या गणितात नसतो. तेव्हा प्रणाली जरूर घ्यावी, पण तारा, रोध आणि मल्टिमीटर कपाटात कुलूपबंद करू नयेत.