‘सुलतानाचे स्वप्न’ : सूड की शिक्षणाचा युक्तिवाद?

प्रस्तावना

बेगम रुकैया सखावत हुसेन (१८८०–१९३२) यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या ‘द इंडियन लेडीज मॅगझीन’ या मासिकात प्रसिद्ध झाली व १९०८ मध्ये पुस्तकरूपाने आली. रुकैया यांचा जन्म रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद (आज बांगलादेश) येथील जमीनदार घराण्यात झाला. मुलींना शाळा वर्ज्य असलेल्या त्या घरात थोरली बहीण करीमुन्निसा यांच्याकडून त्या बंगाली आणि भाऊ इब्राहीम साबेर यांच्याकडून इंग्रजी शिकल्या. भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट असलेले त्यांचे पती सय्यद सखावत हुसेन यांनी ही कथा वाचताच तिला भयंकर सूड म्हटले, अशी आठवण रुकैया यांनी पुढे लिहून ठेवली आहे.

हा अभिप्राय कौतुकाचा होता. परंतु कथेच्या वाचनाला त्याने एक वळण लावले. पुरुष कोंडले गेले आणि स्त्रिया राज्य करू लागल्या, एवढाच तिचा सारांश सांगितला जातो. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की कथेचा गाभा सूडात नसून घटनांच्या क्रमात आहे आणि त्या क्रमात शिक्षणसंस्था पहिली येते.

घटनांचा क्रम

हिंदुस्थानी स्त्रीच्या स्थितीचा विचार करत आरामखुर्चीत बसलेल्या सुलतानाला झोप लागते. सारा नावाची स्त्री तिला एका नगरीत नेते. तेथे रस्त्यावर फक्त स्त्रिया दिसतात, पुरुष मर्दान्यात असतात. स्वयंपाकघरात धूर नाही, कारण अन्न सूर्याच्या उष्णतेवर शिजते. हे वर्णन मनोरंजक आहे. पण ही व्यवस्था कशी आली याची साराने सांगितलेली हकिकत अधिक महत्त्वाची आहे.

प्रथम राणीने सर्व स्त्रियांना शिक्षण देण्याचा हुकूम काढला. मुलींच्या शाळा निघाल्या. एकवीस वर्षांच्या आत कोणाही मुलीचे लग्न होऊ नये असे ठरले. मग स्त्रियांची दोन विद्यापीठे स्थापन झाली. एका विद्यापीठाने ढगांतून पाणी ओढून घेणारा फुगा तयार केला, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याचे साधन शोधले. या काळात स्त्रिया पडद्यातच होत्या! पुरुष सैन्यबळ वाढविण्यात गुंतले होते आणि या संशोधनाची थट्टा करत होते. पुढे शेजारच्या राज्याशी युद्ध झाले आणि सैन्य हरले. तेव्हा विद्यापीठाच्या प्राचार्या दोन हजार विद्यार्थिनींसह रणांगणावर गेल्या व साठवलेली उष्णता शत्रूवर सोडून त्यांनी विजय मिळविला.

पुरुष मर्दान्यात गेले ते या मोहिमेच्या वेळी. विद्यार्थिनींना बाहेर पडायचे होते आणि पडदा पाळणे आवश्यक होते. म्हणून पुरुषांनी आत जावे, अशी अट घातली गेली. थकलेल्या पुरुषांनी ती निमूटपणे मान्य केली. येथे रुकैया यांची उपरोधाची शक्ती दिसते. पडद्याचा नियम मोडलेला नाही, तो अक्षरशः पाळला आहे. स्त्री-पुरुषांनी एकमेकांसमोर येऊ नये एवढेच तो सांगत असेल, तर आत कोणी बसावे हा प्रश्न खुलाच राहतो. आजवर तो बळाने सुटला होता. कथेत तो ज्ञानाने सुटतो.

साराचे संवादही याच रीतीचे आहेत. वेडे इस्पितळातून सुटले तर शहाण्यांना कोंडून त्यांना मोकळे सोडायचे काय, असे ती विचारते. पुरुष बलवान म्हणून श्रेष्ठ, या म्हणण्यावर ती सिंहाचा दाखला देते. मेंदूच्या वजनाचा मुद्दा निघाला की हत्तीचा. ही तर्काची भाषा आहे, संतापाची नव्हे. मराठीत ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) मध्ये हेच काम थेट आरोपाच्या भाषेत केले होते. तुलना दोघींचीही आहे. मात्र ताराबाई पुरुषांना जाब विचारतात, तर रुकैया जागांची अदलाबदल करून वाचकालाच उत्तर शोधायला लावतात.

स्वप्न आणि शाळा

१९०९ मध्ये पतीच्या निधनानंतर रुकैया यांनी भागलपूरला पाच विद्यार्थिनींवर शाळा सुरू केली. तेथे टिकणे अशक्य झाल्यावर १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींना घेऊन ‘सखावत मेमोरियल’ शाळा पुन्हा उभी केली. ‘अवरोधवासिनी’ (१९३१) या त्यांच्या पुस्तकात शाळेच्या गाडीची हकिकत आहे. गाडी पडद्यासाठी इतकी बंद केलेली होती की आत मुली घुसमटून बेशुद्ध पडत. झडपा उघडून तेथे कापडी पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात म्हणून निषेधाची पत्रे आली.

स्वप्नात पडदा उलटविणारी लेखिका प्रत्यक्षात गाडीला पडदे लावते, ही विसंगती वाटेल. परंतु कथेतील क्रम ध्यानात घेतला तर तशी ती नाही. कथेतही विद्यापीठ पडद्याच्या आतच उभे राहिले होते. मुलगी वर्गात पोहोचली पाहिजे, हे पहिले, बाकीचे तिथून.

मर्यादा

कथेच्या मर्यादा स्पष्ट आहेत. तिच्यात मोलकरीण किंवा शेतमजूर स्त्रीच्या जगण्याला स्थान नाही. सर्व सुधारणा राणीच्या हुकुमाने होतात. संघटन, वाद, कायदा यांना तेथे जागा नाही. सुटकेसाठी अर्ज करणाऱ्या पुरुष अधिकाऱ्यांना, गरज पडल्यास बोलावू, असे उत्तर मिळते. हे उत्तर स्त्रियांनी शतकानुशतके ऐकलेले असल्याने ते झोंबते. पण समतेचा नमुना म्हणून ते पुरेसे नाही. ही उणीव रुकैया यांनी कृतीने भरून काढली. १९१६ मध्ये त्यांनी कलकत्त्यात ‘अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम’ स्थापन केली आणि गरीब व विधवा स्त्रियांसाठी काम केले.

समारोप

डिसेंबर २०२२ मध्ये अफगाणिस्तानात स्त्रियांना विद्यापीठाचे दरवाजे बंद करण्यात आले. स्त्रीची सत्ता कोठे निर्माण होते हे विरोधकांनाही नेमके ठाऊक असते, हे त्यावरून दिसते. रुकैया यांनी ते १९०५ मध्येच ओळखले होते. महाविद्यालयात ही कथा शिकविताना केवळ गमतीदार उलटापालट म्हणून शिकविली, तर विद्यार्थी हसतील आणि विसरतील. ‘अवरोधवासिनी’तील गाडीच्या हकिकतीसह शिकविली, तर वर्गातील मुलीला तेथपर्यंत येण्यासाठी काय ओलांडावे लागले, हा प्रश्न त्याच वर्गात विचारता येईल.