‘लिंकन’मध्ये न दिसणारा डग्लस

स्पिलबर्गचा ‘लिंकन’ (२०१२) पहिल्यांदा पाहिला तेव्हा ३१ जानेवारी १८६५च्या मतदानाच्या प्रसंगाने मी भारावून गेलो. गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहात मंजूर होते. काळी माणसे सज्जातून ते पाहतात. दुसऱ्यांदा पाहताना मात्र प्रश्न पडला : फ्रेडरिक डग्लस कुठे आहे? १८३८मध्ये गुलामीतून निसटलेला, १८६३मध्ये लिंकनला भेटून काळ्या सैनिकांच्या तुटपुंज्या पगाराची तक्रार मांडणारा डग्लस इथे पात्र म्हणून येतच नाही. त्याच्या १८४५च्या आत्मचरित्रात गुलाम स्वतः झुंजून माणूसपण मिळवतो. चित्रपटात सभागृह ते बहाल करते.

हा फरक मला किरकोळ वाटत नाही. देणाऱ्याकडेच पाहत राहिले की देण्यातली अट नजरेआड होते. त्या दुरुस्तीने गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला मुभा ठेवली होती. पुढे दक्षिणेत कैदी मळ्यांना, खाणींना भाड्याने दिले गेले. त्यांत बहुसंख्य काळे होते. एव्हा डुव्हर्नेचा ‘थर्टीन्थ’ (२०१६) हा माहितीपट याच अटीचा माग काढतो.

‘लिंकन’ला मी आजही मोठा चित्रपट म्हणेन. पण डग्लसचे आत्मचरित्र वाचल्याशिवाय तो पुरता पाहून होत नाही.