दोन वाक्ये : शिशुदुग्धाचा प्रचार व त्यावरील टीका

प्रचारपुस्तिका हा वाङ्मयप्रकार विद्यापीठीय अभ्यासाच्या कक्षेत सहसा येत नाही. ज्या लेखनाचा हेतू उघड आहे आणि ज्याचे आयुष्य एखाद्या चळवळीएवढेच आहे, त्याची समीक्षा ती काय करावयाची, असा समज आपल्याकडे रूढ आहे. प्रस्तुत लेखात जिचा विचार करावयाचा आहे ती पुस्तिका हा समज तपासून पाहावयास लावते. कारण तिच्या जर्मन आवृत्तीचे शीर्षक न्यायालयात गेले, त्याचा खटला दोन वर्षे चालला, आणि अखेरीस जो दंड झाला तो त्या शीर्षकातील एका क्रियापदापायी झाला.

पुस्तिका माइक म्यूलर यांची. ‘वॉर ऑन वाँट’ ह्या ब्रिटिश संस्थेने ती मार्च १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिका येथील गरीब देशांत दुधाच्या भुकटीचा खप वाढविण्यासाठी कंपन्या कोणते उपाय योजतात, हा तिचा विषय. नाव होते ‘द बेबी किलर’. मुखपृष्ठावर दूध पाजावयाच्या बाटलीत कोंडलेले एक खंगलेले अर्भक दाखविले होते. मराठीत ह्या नावास ‘बालघातक’ म्हणता येईल, आणि हा शब्द नाम व विशेषण अशा दोन्ही प्रकारे चालत असल्यामुळे मूळ नावातील संदिग्धता आपल्या भाषेत अनायासेच उतरते. घातक कोण? बाटली, भुकटी, गढूळ पाणी, दारिद्र्य, की कंपनी? शीर्षक ते सांगत नाही. वाचकाने पुस्तिका वाचून ठरवावयाचे. आतील विवेचन शीर्षकाच्या मानाने पुष्कळच संयत आहे. डॉक्टरांचे अनुभव, भुकटीची किंमत व मजुराची मिळकत यांचा ताळा, आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचे म्हणणेही त्यात दिले आहे. आमच्या मते पुस्तिकेचे खरे बळ ह्या संयमात आहे, मुखपृष्ठात नाही.

त्याच वर्षी बर्न येथील एका गटाने तिचे जर्मन भाषांतर काढले. ‘तिसऱ्या जगासाठी कार्य करणारा गट’ अशा अर्थाचे त्याचे नाव होते. भाषांतरात प्रस्तावना नवी आली आणि शीर्षकही बदलले : ‘नेस्ले टोएटेट बेबीज’, म्हणजे ‘नेस्ले बालकांना ठार मारते’. नामाचे क्रियापद झाले, आणि सकर्मक क्रियापदास कर्ता लागतोच. जो कर्ता म्यूलर यांनी रिकामा ठेवला होता, तेथे एका कंपनीचे नाव येऊन बसले. कंपनीने फिर्याद केली. तक्रारीचे मुद्दे चार होते : शीर्षक, कंपनीचे वर्तन अनैतिक असल्याचा आरोप, हजारो बालकांच्या मृत्यूस वा कायमच्या हानीस ती जबाबदार असल्याचा आरोप, आणि तिच्या विक्रेत्या परिचारिकांच्या वेषात वावरतात हा आरोप. सुनावणी पुरी होण्यापूर्वी कंपनीने तीन मुद्दे सोडून दिले व केवळ शीर्षक हाती ठेवले. २४ जून १९७६ रोजी निकाल लागला. गटाच्या तेरा सभासदांस अब्रुनुकसानीबद्दल प्रत्येकी ३०० फ्रँक दंड झाला. परंतु कंपनीनेही आपल्या जाहिरातीच्या पद्धतींचा मुळापासून फेरविचार करावा, असे न्यायाधीशांनी सुनावले.

निकालाचे तर्कशास्त्र भाषेच्या अभ्यासकाने नीट पाहावे असे आहे. फौजदारी कायद्याच्या अर्थाने ‘मारणे’ येथे सिद्ध होत नाही. कारण डब्याची विक्री आणि बालकाचा मृत्यू ह्यांच्या मधे आणखी एक हात येतो. भुकटी पाण्यात कालविणारी आई असते. पाणी अशुद्ध असते, डबा चार दिवसांऐवजी दहा दिवस पुरवावा लागतो म्हणून दूध पातळ होते, बाटली उकळण्यापुरते सरपण नसते. साखळीतील शेवटची कडी आईची, आणि म्हणून ‘मारते’ ह्या क्रियापदाचा कर्ता कंपनी होऊ शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पण ह्या युक्तिवादाने वाक्यातून कंपनी निघून गेली आणि तिच्या जागी न बोलता आई येऊन बसली, हे दृष्टीआड करता येत नाही.

ह्यापूर्वी पस्तीस वर्षे हाच विषय एका वेगळ्या व्याकरणाने मांडला गेला होता. सिसिली विल्यम्स ह्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबापुढे एक भाषण केले. तत्पूर्वी गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करीत असताना त्यांनीच ‘क्वाशिओरकोर’ ह्या कुपोषणजन्य विकाराची ओळख वैद्यकास करून दिली होती. (तो शब्द तेथील गा भाषेतील असून, पाठचे भावंड आल्यामुळे अंगावरून दूर झालेल्या मुलाच्या दुखण्याशी त्याचा संबंध आहे, वैद्यकाच्या कोशात मातृभाषेचा असा शब्द जसाच्या तसा टिकावा, हे विरळाच.) सिंगापुरात त्यांना आढळले की साखर घातलेले डब्याचे दूध तान्ह्या मुलांचा आहार म्हणून खपविले जात आहे, आणि मुले त्याने दगावत आहेत. भाषणाचे नाव होते ‘मिल्क अँड मर्डर’ : दूध आणि खून. अनुप्रास सोडला तरी उरते ते समुच्चयबोधक अव्यय. ‘आणि’ दोन वस्तू शेजारी ठेवतो, कार्यकारणभाव सांगत नाही. तो श्रोत्याने जोडावयाचा. भाषणाच्या आत मात्र विल्यम्सबाईंनी काहीच झाकून ठेवले नव्हते : असा प्रचार दंडनीय मानावा आणि हे मृत्यू खून समजावेत, इतपत त्या गेल्या. तरी शीर्षकाने त्यांना सांभाळले.

अव्यय, नाम, क्रियापद. टीकेचा आवाज असा चढत गेला, आणि तो जसजसा चढला तसतसे लक्ष परिणामावर, म्हणजे मृत्यूवर, खिळले. आमची तक्रार नेमकी येथे आहे. ज्या वाक्याने हा सारा व्यवहार घडवून आणला, त्याकडे टीकाकारांचे पुरेसे लक्ष गेले नाही.

ते वाक्य जाहिरातीचे आहे. शब्द देशपरत्वे बदलतात, घडण बदलत नाही. आईचे दूध हा बालकाचा सर्वोत्तम आहार होय. परंतु ते पुरत नसेल तर अमुक भुकटी द्यावी. पहिल्या भागात अशी स्तुती असते की कोणत्याही डॉक्टरास तीत वावगे सापडू नये. मग ‘परंतु’ येते, ज्यास आपले व्याकरणकार न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतात, आणि त्याच्या पाठोपाठ ‘जर-तर’, म्हणजे संकेतबोधक. न्यूनत्व कोणाच्या ठायी, हे अव्यय सांगत नाही. ते आईच्या ठायी आहे, हे वाचणारी स्वतःच ठरविते. बाळंत होऊन तीन दिवस झालेल्या, झोप न मिळालेल्या बाईस ‘आपले दूध पुरते का?’ हा प्रश्न सुचविला, की त्याचे उत्तर तिच्यापाशी नसते. अंगावर मापाच्या खुणा नाहीत, बाटलीवर आहेत.

येथवर हे वाक्य इतर कोणत्याही जाहिरातीसारखेच आहे, भीती दाखवून माल खपविणारे. त्याचे वेगळेपण शरीरव्यापारात आहे. मूल जितके चोखते तितके दूध तयार होते. चोखण्याने प्रोलॅक्टिन ह्या संप्रेरकाचा स्राव वाढतो, आणि दूध काढले गेले नाही तर त्याची निर्मिती मंदावते. म्हणून शंकेपोटी एक बाटली दिली की मूल तेवढे कमी चोखते, दूध तेवढे कमी येते, आणि दुसऱ्या बाटलीस कारण मिळते. पुस्तिकेत वर्णिलेला मोफत नमुन्याचा डबा ह्या दृष्टीने पाहावा. तो संपेपर्यंत आईचे दूध आटू लागलेले असते, आणि पुढचा डबा विकत घ्यावा लागतो. ‘पुरत नसेल तर’ हे वाक्य उच्चारताना खरे असण्याची गरजच नाही. त्यावर विश्वास ठेवला की ते खरे होते. बर्नच्या गटाचे वाक्य न्यायालयात खोटे ठरले. कंपन्यांच्या वाक्यास कोणत्याही न्यायालयात खोटे ठरण्याची भीती नव्हती.

वाक्य कोण बोलते, ह्यालाही महत्त्व आहे. कंपन्यांनी नेमलेल्या स्त्रिया परिचारिकेच्या गणवेषात प्रसूतिगृहांत व घरोघर जात, असे म्यूलर नोंदवितात. त्यांपैकी काही खरोखरच प्रशिक्षित परिचारिका असत. तेव्हा ही केवळ तोतयागिरी नव्हे. सल्ला देणारे तोंड खरे, पगार देणारा हात वेगळा, आणि ऐकणारीस त्या हाताची वार्ता नाही.

मराठीच्या अभ्यासकास येथे एक विचार सुचतो. आपल्या बोलण्यात ‘अंगावरचे दूध’ आणि ‘वरचे दूध’ असा भेद आहे. ‘वरचे’ म्हणजे मुख्यावर घातलेली भर. जे मुख्याची जागा घेत नाही ते. गाईम्हशीचे दूध कितीही पाजले तरी त्याचे नाव ‘वरचे’च राहिले. शिवाय आपल्याकडे ‘पान्हा फुटतो’. पान्ह्याची कल्पना मुलावाचून होत नाही; मूल जवळ येते, रडते, आणि त्याला मिळालेले उत्तर म्हणजे पान्हा. दूध मागणीमागून येते, हे शरीरशास्त्राने सांगितलेले तत्त्व ह्या शब्दप्रयोगात आधीच मुरलेले आहे. ‘दूध पुरत नाही’ ही भाषा निराळ्या घरची आहे. पुरते वा सरते ते कणगीतील धान्य, शिधा, महिन्याचा किराणा. दूध हा साठा मानला की तो मोजावासा वाटणार, आणि मोजता येत नसल्यास कमी वाटणार. हा शब्दप्रयोग जाहिरातींनी आणला, असे आमचे म्हणणे नाही. तो मराठीत जुनाच आहे, आणि बाळंतिणीस खायला काय घालावे ह्या चर्चेत आजीबाई तो नेहमी वापरीत. पण आजीबाईंच्या तोंडी त्याची परिणती आळिवाच्या खिरीत होत असे. जाहिरातीत ती डब्यात होते.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे टाळून चालणार नाही. काही मातांस खरोखरच दूध येत नाही, काही आजारी असतात, काही बाळे आईवेगळी होतात, आणि पोटासाठी सकाळी घर सोडावे लागणाऱ्या स्त्रियांची संख्या लहान नाही. भुकटी ही वस्तू अनावश्यक आहे, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. म्यूलर तसे म्हणत नाहीत. पण त्यांच्या पुस्तिकेत, आणि तिच्या मागोमाग आलेल्या बहुतेक लेखनात, आई स्वतः बोलत नाही. डॉक्टर बोलतात, अधिकारी बोलतात. ती मात्र निरक्षर, दरिद्री व भोळी अशी तृतीय पुरुषी उरते. जाहिरात निदान तिला ‘तुम्ही’ म्हणून संबोधिते. हा पुस्तिकेतील मोठाच उणेपणा आहे, आणि जाहिरातीच्या यशाचे एक कारणही त्यात असावे.

पुढील इतिहास सुपरिचित असल्याने थोडक्यात सांगतो. ४ जुलै १९७७ रोजी अमेरिकेत मिनीआपोलिस येथून कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. मे १९७८ मध्ये एडवर्ड केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली सिनेटच्या उपसमितीची सुनावणी झाली. जेथे शुद्ध पाणी नाही तेथे हा माल जातो, ह्याची जबाबदारी तुमची नाही काय, अशा आशयाचा प्रश्न केनेडींनी विचारला. कंपनीच्या ब्राझीलमधील शाखेचे प्रमुख बालारिन यांनी ती नाकारली. बर्नच्या निकालातील तीच तुटलेली साखळी येथे पुन्हा दिसते. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने मातृदुग्धपर्यायांच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. तीन राष्ट्रे तटस्थ राहिली, आणि विरोधी मत अमेरिकेचे होते. संहितेने वस्तूवर बंदी घातली नाही. जाहिरात, मोफत नमुने आणि मातांशी कंपनीच्या माणसांचा थेट संपर्क ह्यांवर घातली. म्हणजे ‘मारते’ ह्या क्रियापदाचा वाद बाजूस ठेवून ती ‘पुरत नसेल तर’ ह्या वाक्याकडे वळली. टीकेपेक्षा कायदा येथे अधिक चांगला वाचक ठरला.

भारताने १९९२ मध्ये संहितेवर आधारलेला स्वतंत्र कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला, आणि २००३ च्या दुरुस्तीने अधिक कडक झाला. डब्यावर अर्भकाचे वा स्त्रीचे चित्र असता कामा नये. माल मातेच्या दुधासारखा आहे असे सुचविणारे शब्द छापता कामा नयेत. कायद्याच्या कलमांत विशेषणांवर अशी बंदी क्वचितच आढळते. उल्लंघनाविरुद्ध न्यायालयात तक्रार करण्याचा अधिकार ज्या स्वयंसेवी संस्थांस देण्यात आला, त्यांत मुंबईची ‘असोसिएशन फॉर कन्झ्युमर ॲक्शन ऑन सेफ्टी अँड हेल्थ’ ही एक होती. म्हशीच्या दुधापासून शिशुदुग्ध बनविण्याची कृती म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने शोधून काढली आणि आणंदच्या सहकारी संघाने ते तयार केले, ह्याचा आपणांस रास्त अभिमान असे. कायद्याने परदेशी कंपनी आणि ही स्वदेशी सहकारी संस्था ह्यांत भेद केला नाही, हे योग्यच झाले.

वाक्य मात्र ह्यामुळे नाहीसे झाले नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी आठ देशांतील ८५०० हून अधिक आईबाप व गर्भवती स्त्रियांस विचारणा करण्यात आली. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांपर्यंत कंपन्यांचा प्रचार पोचला होता. २०२३ च्या आरंभी ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत प्रचाराची एक नवी रीत तपशिलाने दाखविली आहे. मुलाचे रडणे, कुरकुरणे, रात्री उठणे ह्या साध्या गोष्टींना दुखण्याचे रूप द्यावयाचे आणि प्रत्येकीवर वेगळा डबा सुचवावयाचा. न्यूनत्व आता आईच्या अंगावरून मुलाच्या पोटाकडे सरकले आहे, एवढाच फरक.

शेवटी आपल्या कायद्यातील एका शब्दाविषयी. आईचे दूध तुमच्या बाळासाठी सर्वोत्तम आहे, अशा अर्थाची सूचना प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक आहे. हेतू निर्मळ आहे; पण ‘सर्वोत्तम’ हा तुलनेचा शब्द आहे. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ह्या म्हणीतला माणूस नोकरी करतोच, आणि तिला कनिष्ठ म्हटल्याने त्याचे काही बिघडत नाही. एकास उत्तम म्हटले की दुसऱ्यास त्याच पंगतीत पाट मिळतो. आईचे दूध हा मुलाचा स्वाभाविक आहार, आणि बाकी सारे ‘वरचे’, हा भेद त्या सूचनेत येत नाही. जाहिरातीच्या वाक्याचा पूर्वार्ध कायद्याने डब्यावर छापविला. ‘परंतु’ छापण्याची गरज उरली नाही, कारण ते वाक्य वाचणारीच्या हाती तेव्हा डबा आलेला असतो.