शंभराचा तक्ता : बेरीज कोण करते, मूल की बोट?

अनेक प्राथमिक शाळांत भिंतीवर १ ते १०० चा तक्ता टांगलेला असतो. दहा ओळी, दहा रकाने. डोळ्यांना दिसणारी बेरीज मुलांना लवकर कळते, म्हणून त्याची शिफारस केली जाते. शिफारस योग्यच आहे. आमची तक्रार आहे ती तक्ता वापरण्याच्या पद्धतीबद्दल.

३८ + २४ हे उदाहरण घेऊ. बरीच मुले ३८ वर बोट ठेवून पुढची २४ घरे एकेक करून मोजतात. काही जण ३८ च्या घरालाच 'एक' म्हणतात आणि ६१ वर थांबतात. पण ज्यांचे उत्तर बरोबर येते त्यांनीही केवळ मोजणीच केलेली असते. तक्त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. ३८ वरून दोन घरे खाली उतरले की ५८, उजवीकडे दोन घरे गेले की ६०, आणि उरलेले दोन पुढच्या ओळीत, म्हणजे ६२. येथे मुलाने २४ ची फोड केली, दशक पूर्ण केले. बेरीज शिकणे म्हणतात ते हेच.

मात्र 'खाली गेले की दहा' हा नियम नुसता पाठ झाला तर पुन्हा घोकंपट्टीच. सापशिडीच्या नेहमीच्या पटावर ७ च्या वरच्या घरात काय असते? १७ नव्हे, १४! कारण तेथे ओळी आळीपाळीने उलट दिशेने जातात. आपल्या तक्त्यात दहाच का वाढतात, हे मुलांनी स्वतः शोधायला हवे.

दुसरा दोष तक्त्याच्या रचनेतच आहे. दशकाचा अंक ५९ नंतर बदलतो, ओळ मात्र ६० नंतर. 'हातचा' समजायला नेमकी येथेच अडचण होते. ० ते ९९ च्या तक्त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक दशक, आणि रकाना म्हणजे एकक. पण त्यातही काही हरवते. १ ते १०० मध्ये तीन ओळी संपताना ३० येतात, म्हणजे शेवटची संख्याच घरे किती झाली ते सांगते. म्हणून मोजणीसाठी पहिला आणि दोन अंकी बेरजेसाठी दुसरा तक्ता घ्यावा, असे आम्हांला वाटते.

मराठीचीही मदत घेता येईल. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. तेव्हा ३८ + २९ साठी तीन घरे खाली, एक डावीकडे : ६७. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही युक्ती नावातच दडलेली आहे.

शेवटी एक चाचणी. तक्ता झाका. फळ्यावर अधिक चिन्हाच्या आकारात पाच चौकोन काढा, मधल्यात ४७ लिहा आणि उरलेले चार भरायला सांगा. ३७, ५७, ४६, ४८ आले की विचारा, "कशावरून?" या प्रश्नाचे उत्तर मुलाला देता आले, तर तक्ता भिंतीवरून काढला तरी चालेल.